वीस दिवसांचं पान

इनोबत आपाच्या लेखी माणसांच्या दोनच जाती होत्या. वजनकाट्याला हात लावण्याआधी हात धुणारी, आणि न धुणारी. दुसऱ्या जातीत जवळजवळ सगळा जिल्हा येत होता. तिचा साहेब त्यात होता. जिल्ह्याचा कारभार बघणारा होकिम होता. खताच्या कारखान्याचे तिन्ही इंजिनिअर होते. वारलेला नवराही होता. आणि या सगळ्यांच्या तळाशी, जिथे बघायलाही मान वाकवावी लागते अशा जागी, रेशमाच्या अळ्या पाळणाऱ्या बायका होत्या.

दर मे महिन्यात त्यांच्यातल्या कुणाच्या तरी अळ्या मरत. मग ती बाई प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन बसे. अळ्या का मेल्या याची कारणं तिच्याकडे तयार असत. शेजारणीची नजर लागली. जावेने घरात कांदा तळला. गल्लीत मयत झालं आणि रडणं अळ्यांच्या कानावर गेलं. अळीला कान नसतात हे इनोबतने पहिली काही वर्षं सांगितलं. नंतर सोडून दिलं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

दहातली एखादी वेगळं बोले. म्हणे, आपा, पानातच काहीतरी आहे. कारखान्याकडून वारा येतो तेव्हा पान कडेने करपतं.

अशा बाईशी इनोबत वाद घालत नसे. ती कपाटातून मागच्या जूनची वही काढी आणि एका ओळीवर बोट ठेवी. तुतीचं पान. फ्लोराईड, किलोमागे अकरा मिलिग्राम. अळीला बाधायला तीस लागतात. वाचता येतं ना, असं ती विचारी. येतं म्हटल्यावर मोठ्याने वाचायला लावी. बाई वाची. मग इनोबत दार उघडून धरी.

हा तिटकारा तिला कुठून उसना आणावा लागला नव्हता. घरचाच होता. तिचा जन्म ओकतुतचा. कारखान्याच्या खालच्या अंगाला, तुतीच्या रांगांमधलं गाव. तिची आई ओयशा अळ्यांतच वाढली आणि अळ्यांतच म्हातारी झाली. एप्रिलमध्ये सरकारी अंड्यांची पुडी आली की आई ती कापडी पिशवीत घालून उराशी बांधी. माणसाच्या उबेने अंडी लवकर फुटतात. ते आठ-दहा दिवस आई वाकत नसे आणि पोरांना कुशीत घेत नसे. अळ्या फुटल्या की घरातली चांगली खोली त्यांची. कात टाकून मोठ्या झाल्या की दुसरी खोली त्यांची. मग तिसरी. मे महिन्यात छपराखाली अळ्या झोपत आणि माणसं अंगणात. पोरांनी शाळा बुडवून डहाळ्या वाहायच्या. हातांना लागलेला तुतीचा चीक जुलैपर्यंत निघत नसे.

आमच्याकडे अळ्या पाहुण्या होत्या आणि आम्ही मोलकरणी, असं इनोबत पुढे कधीतरी म्हणे. हसत नसे.

ती ताश्कंदला रसायनशास्त्र शिकायला गेली. पाच वर्षांत एकही मे महिना तिने घरी काढला नाही. दर वर्षी परीक्षेचं निमित्त सापडलं. पदवी हातात पडल्यावर जिल्ह्याच्या पर्यावरण कार्यालयात नेमणूक झाली. ती परत आली, पण ओकतुतला नाही. तिने घर घेतलं ते वाऱ्याच्या वरच्या अंगाला. नवरा भूगोलाचा मास्तर होता. त्याने आयुष्यभर चहा पिऊन सुस्कारे टाकले आणि एका वसंतात तेही थांबवले.

मग उरली प्रयोगशाळा. दोन खोल्या, एक सुकवणभट्टी, चिनी मातीचे खल आणि फ्लोराईड मोजायचं एक यंत्र. यंत्राचा काचदांडा ती कुणाला पुसूही देत नसे. भिंतीवर १९८४ सालचं मॉस्कोचं सूचनापत्र चौकटीत लावलेलं होतं. ते तिला पाठ होतं. झाडाचं पान हे वर्षाचं सर्वांत प्रामाणिक रोजनिशीचं पान असतं, असं तिचे एक प्राध्यापक सांगत. हवा येते आणि जाते. पान जागचं हलत नाही. जे आत गेलं ते आतच राहतं. म्हणून हवा हुंगत बसण्यापेक्षा पान जाळावं आणि मोजावं.

ती तेच करी. दर जूनच्या मधल्या दहा दिवसांत. ओकतुत आणि शेजारच्या दोन गावांतली बारा झाडं ठरलेली होती. बुंध्यांवर पत्र्याचे क्रमांक ठोकलेले. हात पोचेल त्या उंचीची, दक्षिणेकडची पानं. निम्मी धुवायची, निम्मी तशीच. धुतलेल्यात जे सापडतं ते पानाने श्वासातून आत घेतलेलं. न धुतलेल्यात वरची धूळही असते. सुकवायचं, कुटायचं, चुन्यासोबत जाळायचं आणि राख विरघळवून मोजायचं. प्रत्येक नमुना तीनदा. सव्वीस वर्षं तिने यातली एक पायरी गाळली नाही. तापात गेली. नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशीही गेली.

आकडे नऊ, अकरा, तेरा असे येत. एकदा सतरा आला तर तिने यंत्र उघडून साफ केलं.

साहेब हमदम अका या आकड्यांवर खूश होते. ते मूळचे कापसाच्या जिनिंगमधले. पर्यावरणाशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांच्या अंगणात द्राक्षाचा मांडव होता. इनोबतने आणलेला कागद ते न वाचता सही करून वर पाठवत आणि वरून शाबासकी आली की तीही न वाचता फाईलला लावत. असा साहेब तिला सोयीचा होता. तुच्छ मानायला त्याच्यासारखा माणूस लागतोच.

त्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात ओकतुत आणि शेजारच्या गावांत एक्केचाळीस घरांतल्या अळ्या मेल्या. शेवटची कात टाकून झाली होती. कोष विणायला आठवडा उरला होता. अळ्यांनी खाणं सोडलं. अंग आखडलं. सांध्यांवर काळी कडी उठली. तिसऱ्या दिवशी बायका घमेल्यांनी अळ्या पुरत होत्या.

जिल्ह्याचा कोषांचा कोटा बुडाला. होकिमला वर उत्तर द्यायचं होतं. त्याने चौकशी समिती बसवली आणि पहिल्याच बैठकीत कारण सापडल्यासारखं झालं. बायकांचा निष्काळजीपणा. फक्त पान निर्दोष असल्याचा दाखला हवा होता. तो इनोबतकडे मागितला गेला. तिने मागच्या जूनची वही उघडली, बारा झाडांची सरासरी काढली, अकरा मिलिग्राम लिहिलं आणि खाली सही केली. चहा गार व्हायच्या आत काम झालं.

दोन दिवसांनी मस्तुरा आली.

ती पायरीवर बसली नाही. थेट आत येऊन टेबलासमोर उभी राहिली. चाळिशीची बाई, ओकतुतच्या सरकारी बालवाडीत स्वयंपाकीण. निष्काळजी ठरली तर तिला बालवाडीतून काढणार होते. अळ्या सांभाळता येत नाहीत तिला पोरांचा शोरबा कसा सांभाळता येईल, असं होकिमचा माणूस म्हणाला होता. नवरा रशियात जाऊन बसलेला. घर त्या नोकरीवर चालत होतं. तिने हे सगळं चार वाक्यांत सांगितलं आणि दाखला परत घ्या म्हणाली.

इनोबतने वही काढली. बोट ठेवलं.

"वाचता येतं ना?"

"येतं. आधी तुम्ही सांगा, आपा. हे पान तोडलं कधी?"

"पंधरा जूनला. दर वर्षी पंधरा जून."

"कुठलं झाड?"

"सात नंबर. शाळेमागचं."

मस्तुराने वही बाजूला सारली. मग एखाद्या पोराला समजवावं तशी बोलू लागली. ते इनोबतला सर्वांत झोंबलं.

"सात नंबर माझंच आहे. मी ते दर मे महिन्यात बोडकं करते. एक फांदी ठेवत नाही. सगळं अळ्यांना जातं. जूनमध्ये त्यावर जे असतं ते नवं फुटलेलं. वीस दिवसांचं. तान्हं बाळ आहे ते, आपा. त्याने अजून कसला धूर खाल्लाय? माझ्या अळ्यांनी खाल्लं ते मार्चच्या शेवटी फुटलेलं पान. ते तुमच्या वहीत कुठंय?"

इनोबतने वही ओढून घेऊन मिटली.  

"तू मला पान शिकवतेस?"

"नाही. पान तुम्हाला येतं. झाड येत नाही."

इनोबतने दार उघडून धरलं. मस्तुरा गेली. पण दार लावून परत येईपर्यंत इनोबतने स्वतःशीच एक पैज लावली होती. या बाईला खोटं पाडायचं. पाडायचं ते आकड्यानेच.

त्यासाठी न छाटलेली तुती हवी होती. जिल्हाभर मे महिन्यात न छाटलेली तुती म्हणजे वैशाखात बर्फ. प्रत्येक घराला कोटा, प्रत्येक झाडाला कुऱ्हाड. तिला माहीत असलेलं एकच झाड होतं. ओकतुतच्या कबरस्तानात एका अवलियाच्या थडग्यावर वाकलेली म्हातारी तुती. तिला कुणी कोयता लावत नसे. मुलं फळं वेचत तीही जमिनीवर पडलेली. लहानपणी तिने त्या झाडाचं एक पान तोडलं होतं म्हणून आईने तिला थोबाडीत दिली होती.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेली. मस्तुरा पाण्याची बादली घेऊन कुणाच्या तरी कबरीवर गवत उपटत होती. इनोबत कशाला आली हे तिने विचारलं नाही. बादली ठेवली, ओढणी सारखी केली, थडग्याकडे बघून पुटपुटली की ही बाई पान तोडते आहे ते भुकेसाठी नाही आणि जळणासाठीही नाही, माफ कर. मग फांदी खाली धरली.

पानांच्या कडा तपकिरी होत्या. आत पिवळा पट्टा, मग हिरवं. इनोबतने ते पुस्तकात शेकडो वेळा पाहिलं होतं. झाडावर पहिल्यांदाच पाहत होती. जूनच्या कोवळ्या पानांवर ते कधीच नव्हतं.

तिने निम्मी पानं धुतली. सुकवली, कुटली, जाळली. यंत्रावर आकडा स्थिर झाला.

चौऱ्याण्णव.

तिने काचदांडा धुऊन पुन्हा मोजलं. शहाण्णव. तिसऱ्यांदा. चौऱ्याण्णव. वाऱ्याच्या वरच्या अंगाला एका गल्लीत कुंपणातल्या तुतीची एक फांदी छाटणीतून सुटली होती, तिचं जुनं पान तिने मुद्दाम आणून मोजलं. आठ. म्हणजे यंत्र ठीक होतं. पद्धत ठीक होती. सव्वीस वर्षं सगळंच ठीक होतं. फक्त झाड बोडकं करून महिना झाला की ती जात होती, आणि जे नव्हतं ते तीनतीनदा काळजीपूर्वक मोजून येत होती. सूचनापत्र लिहिणारा उत्तरेकडच्या शहरातला असणार. त्याच्या डोळ्यांसमोर रस्त्याकडेचे पॉप्लर असतील. त्यांना मे महिन्यात कुणी छाटत नाही. पण ती तर तुतीच्याच गावात जन्मली होती. तिच्या हातांना तो चीक लागलेला होता. हे कळायला रसायनशास्त्र लागत नव्हतं. ओकतुतमधलं आठ वर्षांचं पोर सांगू शकलं असतं. तिला कुणी विचारलं असतं तर तिनेही सांगितलं असतं.

तिने कपाटातल्या सव्वीस वह्या काढून टेबलावर मांडल्या. दुपार होती. बाहेर कुणी नान विकत हाक देत होतं. तिने शहाण्णव सालची वही उघडली.

त्या वर्षी तिच्या आईच्या अळ्या मेल्या होत्या. आई पायरीवर आली नाही. थेट घरी आली आणि म्हणाली, पोरी, पान कडवट आहे, मी चाखून पाहिलं. पाहुणे बसले होते. इनोबतने सर्वांसमोर वही आणून आईला दाखवली. म्हणाली, पान साफ आहे, तुझे हात म्हातारे झाले. पुढच्या एप्रिलमध्ये आईने अंड्यांची पुडी घेतली नाही. गावात कुणी विचारलं तर म्हणे, माझी मुलगी शिकलेली आहे, तिने मोजून सांगितलंय. तीन वर्षांनी ती गेली.

शहाण्णवच्या वहीत सात नंबरच्या झाडापुढे बारा लिहिलं होतं. अक्षर सुंदर होतं.

इनोबत आकडा घेऊन हमदम अकांकडे गेली. त्यांनी पहिल्यांदाच तिचा कागद वाचला. दोनदा वाचला. मग चहा मागवला, रीतीप्रमाणे तीनदा पियाल्यात ओतून किटलीत परत घातला. एवढा वेळ त्यांना विचार करायला पुरला. धूळ असेल, म्हणाले. कबरस्तानाचा रस्ता कच्चा आहे.

तिने सांगितलं की पानं धुतलेली होती. नीट धुतली नसतील, ते म्हणाले. आपण नीट धुऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी अग्निशमनचा बंब कबरस्तानात गेला. प्रांतातून कुणी येणार असलं की याच बंबाने रस्त्याकडेचे पॉप्लर धुऊन काढत. झाडं स्वच्छ दिसली की पर्यावरण स्वच्छ, असा हमदम अकांचा प्रामाणिक समज होता. त्यांनी स्वतः उभं राहून अवलियाची तुती शेंड्यापासून मुळापर्यंत धुऊन घेतली. कबरस्तानाच्या म्हाताऱ्या रखवालदाराला वाटलं की साहेबांनी नवस फेडला. त्याने हात उचलून त्यांच्या सात पिढ्यांसाठी दुआ मागितली. पाणी थडग्यावरून वाहत शेजारच्या कबरींत शिरलं.

इनोबत छत्री घेऊन उभी होती. झाड ठिबकत असतानाच तिने साहेबांच्या डोळ्यांदेखत पानं तोडली आणि पिशवीवर त्यांची सही घेतली. दुसऱ्या दिवशी आकडा आला. ब्याण्णव.

"आत आहे ते, हमदम अका. तुम्ही बाहेरून धुतलंत."

त्यांनी दार लावून घेतलं. आवाज खाली आणला. बसायला सांगितलं. म्हणाले की ते झाड यादीत नाही, त्याला क्रमांक नाही, म्हणजे कायद्याने ते झाडच नाही. कारखान्याची वार्षिक दुरुस्ती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात असते, भट्ट्या बंद असतात, हे तिला माहीत नव्हतं का? सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. जूनमध्ये आकाश निळं असतं म्हणून लोक लग्नं जूनमध्ये ठेवतात. तिला माहीत होतंच. तिने ते कधी वहीशेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

"मी तर काही मोजत नाही, इनोबत. मी फक्त वर पाठवतो. सव्वीस वर्षं सही तुमची आहे. आता मी कुठली इनोबत खरी धरू? सव्वीस वर्षांची की या मंगळवारची?"

मग ते उदार झाले. सरावासाठी केलेली चाचणी असं लिहून टाका, म्हणाले. तिची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. बायकांचं काय, त्या रडतील आणि विसरतील. एका स्वयंपाकिणीसाठी कुणी आपलं सगळं वहीखातं पाण्यात घालतं का?

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तुच्छतेची सवय होती, म्हणून ती तिथे शोधली. सापडली नाही. हा माणूस काही लपवत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि त्याने कळत असल्याचा आव कधी आणला नव्हता. आव तिने आणला होता.

समितीची सुनावणी सांस्कृतिक भवनात झाली. मंचावर लाल कापड अंथरलेलं टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या. खाली पहिल्या चार रांगांत एक्केचाळीस बायका, डोक्याला चांगले रुमाल बांधून आलेल्या. जणू लग्नाला. अध्यक्ष प्रांतातून आला होता. त्याला दुपारच्या जेवणाआधी उठायचं होतं आणि त्याने ते लपवलं नाही. त्याने दाखला वाचला. तुतीचं पान, अकरा मिलिग्राम, निर्दोष. मग नावं वाचायला सुरुवात केली. प्रत्येक बाईने आपलं नाव आलं की उभं राहायचं. मस्तुराचं नाव सहावं होतं. ती उभी राहिली आणि खाली बसली नाही.

अध्यक्षाने दाखल्याच्या पुष्टीसाठी रसायनतज्ज्ञाला विचारलं. हमदम अकांनी इनोबतकडे बघून पापण्या मिटल्या. इनोबत उठली.

"सही माझी आहे," ती म्हणाली. "आकडाही बरोबर आहे. पण ते पान या अळ्यांनी खाल्लेलं नाही. ते छाटणीनंतर फुटलेलं वीस दिवसांचं पान आहे. अळ्यांनी खाल्लं त्या पानात नव्वदच्या वर आहे. मर्यादेच्या तिपटीहून जास्त. मी सव्वीस वर्षं चुकीच्या महिन्यात पान तोडते आहे."

 अध्यक्षाने चष्मा काढला.

"म्हणजे तुम्ही म्हणता, निष्काळजीपणा तुमचा?"

तिला कारखान्याचं नाव घ्यायचं होतं. पुढचं वाक्य तेच होतं. नव्वद मिलिग्राम आकाशातून पडत नाहीत, ते कुठून येतात हे वाऱ्याच्या दिशेने सांगता येतं, तिने कागद आणला होता. पण अध्यक्षाने प्रश्न विचारला होता आणि लेखणी उचलली होती.

"हो," ती म्हणाली. "आणि फ्लोराईड..."

"तेवढं पुरे."

त्याने हमदम अकांशी डोकं जुळवून कुजबुज केली. चेहरा खुलला. एक्केचाळीस निष्काळजी बायका म्हणजे एक्केचाळीस नोटिसा, एक्केचाळीस अर्ज, एक्केचाळीस रडणाऱ्या सासवा. एक निष्काळजी रसायनतज्ज्ञ म्हणजे एक कागद. ठराव दहा मिनिटांत लिहून झाला. अळ्यांच्या मृत्यूचं कारण: प्रयोगशाळेने पानांची माहिती वेळेवर व योग्य न देणे. जबाबदार व्यक्ती: इनोबत रसूलोव्हा. बायकांवरचे आरोप मागे. कारखान्याचा शब्द ठरावात कुठेच नव्हता. पुढच्या वर्षीचे नमुने सूचनापत्राप्रमाणे जूनच्या मधल्या दहा दिवसांत घ्यावेत, असं शेवटी लिहिलं होतं. ते नवा माणूस घेणार होता.

इनोबतने हात वर केला. ती महिन्याबद्दल सांगू पाहत होती. तिला कुणी बोलू दिलं नाही. निष्काळजी माणसाचं शास्त्र कोण ऐकतं? अध्यक्ष उठला. बाहेर बकऱ्याच्या मांसाचा वास सुटला होता.

हमदम अका जाता जाता थांबले. चाव्या शुक्रवारपर्यंत द्या म्हणाले. वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. कदाचित खरंच वाटलं असेल.

बायका तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडल्या. कुणी तिला सलाम केला नाही. एकीने पाय सावरून जरा लांबून वळसा घेतला. त्यांना सोडलं होतं, पण कुणी सोडलं आणि कुणी अडकवलं होतं हे त्यांना बरोबर कळलं होतं. इनोबतला ते आवडलं. पहिल्यांदाच या बायका तिला हुशार वाटल्या.

फाटकापाशी मस्तुरा उभी होती. उन्हात डोळे बारीक करून.

"माझी नोकरी राहिली," ती म्हणाली. "बाकीच्यांचीही कामं राहिली."

"ऐकलं मी."

"आभार मानायला थांबले नाही."

"मानू नकोस."

मस्तुराने रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"माझी सासू तुमच्याकडे आली होती. नव्व्याण्णवला. तुम्ही तिला वही वाचायला लावलीत. तिला वाचता येत नव्हतं, आपा. ती वाचल्यासारखं करून आली. घरी येऊन म्हणाली, साफ आहे. मग वर्षभर स्वतःचेच हात धूत राहिली. दर वेळी पान देण्याआधी. कातडी निघाली तरी."

इनोबतने नाव विचारलं.

"आता नाव कशाला?"

"वहीत झाडांची नावं आहेत. बायकांची नाहीत. म्हणून विचारते."

"हलीमा."

इनोबतने आठवायचा प्रयत्न केला. पायऱ्या आठवल्या. रुमाल आठवले. उघडून धरलेलं दार आठवलं. चेहरा एकही आला नाही.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"तिला आठवत होतं."

सांस्कृतिक भवनाच्या कपाळावरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. बालवाडीत बाराला साठ पोरं जेवायला बसणार होती. गाजरं अजून सोलायची होती. मस्तुराने तेवढं सांगितलं आणि रस्त्याला लागली. भराभर, जरा पाय ओढत, उशीर झालेल्या कामकरी बाईसारखी.